गणिताला घाबरणारी मुलं, पाचवी ते आठवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये पाचवी ते आठवीच्या मुलांना गणित शिकवताना पालकसभेत, शाळेच्या फाटकापाशी आणि हल्ली रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही प्रश्न पालकांचे आहेत, काही नव्याने शिकवायला लागलेल्या शिक्षकांचे. घाई असेल तर दुसरा आणि चौथा प्रश्न तेवढे वाचा.

१. चौथीपर्यंत पैकीच्या पैकी मार्क होते. सहावीत एकदम काय झालं?

गणिताने नियम बदलले आणि ते मुलाला कुणी सांगितलं नाही. चौथीपर्यंतच्या अनुभवावरून मुलाने मनाशी काही गोष्टी ठरवलेल्या असतात. गुणलं की वाढतं. भागलं की कमी होतं. लहान संख्येतून मोठी जात नाही. ज्या संख्येत अंक जास्त, ती मोठी. तेव्हा या चारही गोष्टी खऱ्याच होत्या. मग अपूर्णांक, दशांश आणि पूर्णांक संख्या येतात आणि चारही कोसळतात. ८ ला १/२ ने गुणलं तर ४ येतात, १/२ ने भागलं तर १६. ३ मधून ५ जातात आणि −२ उरतात. ०.३५ मध्ये अंक जास्त, तरी ०.५ मोठा.

ज्या मुलाने आधीचं गणित मन लावून केलं, त्याचा जुन्या नियमांवर भरवसाही जास्त. त्यामुळे कालपर्यंत पहिल्या बाकावर हात वर करणारं मूल सहावीत गप्प झालेलं दिसतं. नवा धडा सुरू करतानाच सांगून टाकावं: "आजपासून गुणाकार केल्यावर उत्तर लहानही येऊ शकतं. कधी, ते शोधू." एवढ्यानेही 'माझंच काहीतरी चुकतंय' ही भावना बरीच कमी होते.

२. नेमकं कुठे अडलंय, हे कसं ओळखायचं?

मार्कांवरून कळत नाही. 'गणित कच्चं आहे' या निदानाला काही अर्थ नाही, कारण त्यावर उपाय काय करायचा तेच कळत नाही. पुढची सहा उदाहरणं कोऱ्या कागदावर द्या, घड्याळ लावू नका, आणि प्रत्येक उदाहरण करताना मुलाला मोठ्याने बोलायला सांगा.

५०३ − १७८
६१२ ÷ ६
०.५ आणि ०.३५ यांतली मोठी संख्या कोणती?
१/२ + १/३
१० − ३ + २
८ + ४ = □ + ५

बरोबर किती आले, हे इथे दुय्यम आहे. चूक कोणती झाली ते बघा. पहिल्याचं उत्तर ४७५ आलं, तर मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय. हातचा म्हणजे काय हेच त्याला उमगलेलं नाही, आणि शून्यावरून हातचा घ्यायची वेळ आली की ते असली पळवाट शोधतं. दुसऱ्याचं १२ आलं, तर भागाकारातला मधला शून्य निसटला. भागाकाराच्या पायऱ्या त्याला येतात. '६०० भागिले ६ म्हणजेच १००, मग उत्तर १२ कसं असेल?' हा अंदाज मात्र तो घेत नाही. चौथ्याचं २/५ आलं, तर अपूर्णांक ही एक संख्या आहे असं त्याला वाटतच नाही, वर एक आणि खाली एक अशा दोन सुट्या संख्या त्याला दिसतात.

पाचव्याचं उत्तर ५ आलं, तर दोष आपल्या शिकवण्याचा. 'कंचेभागुबेव' (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रियांचा क्रम) पाठ करून घेताना आपण 'बे' आधी आणि 'व' नंतर म्हणतो. मूल इमानदारीने ३ + २ आधी करतं आणि १० मधून ५ वजा करतं. बेरीज आणि वजाबाकी एकाच पातळीवर आहेत, डावीकडून जी आधी येईल ती आधी करायची, उत्तर ९. गंमत म्हणजे भागाकार-गुणाकाराच्या जोडीत 'भा' आधी केल्याने उत्तर कधी बिघडत नाही, म्हणून सूत्रातला हा खड्डा वर्षानुवर्षं लपून राहतो.

सहाव्यात बहुतेक मुलं चौकटीत १२ लिहितात. काही १७. बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिही' असा हुकूम, असं त्यांना वाटत असतं. दोन्ही बाजू समान आहेत, हा त्याचा अर्थ पोचलेला नसेल, तर सातवीत समीकरणं कितीही घोटून घ्या, उपयोग नाही. उत्तर ७ आहे, आणि ते न सांगता मुलाला तराजू काढायला लावा: एका पारड्यात ८ आणि ४, दुसऱ्यात ५ आणि काय ठेवलं म्हणजे काटा मध्ये येईल?

३. मागचं भरून काढत बसलो तर पोर्शन कधी संपणार?

हा शिक्षकांचा प्रश्न आहे आणि तो खरा आहे. 'असर' या शिक्षणाच्या स्थितीवरच्या अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण सर्वेक्षणात आठवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं नाही. देशभराचं हे चित्र आहे, आणि सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत किंवा पेठ-सुरगाण्याच्या आश्रमशाळेत शिकवणाऱ्या कुणालाही त्याचं नवल वाटणार नाही.

सगळं मागचं भरायला जाऊ नका. आजच्या धड्याला जी एक पायरी लागते, तेवढीच दहा मिनिटं पक्की करा. शेकडेवारीच्या आधी छेद १०० करून घेणं. वर्तुळाच्या परिघाआधी दशांशाचा गुणाकार. बैजिक राशींच्या आधी ऋण संख्यांची बेरीज. पहिले दोन आठवडे नुसती उजळणी घेणारे शिक्षक मी पाहिले आहेत. उजळणी आणि धडा यांत महिन्याचं अंतर पडलं की मुलं तिसऱ्यांदा विसरतात.

४. अपूर्णांक काही केल्या डोक्यात शिरत नाहीत. काय करावं?

पाचवी ते आठवीतली निम्मी भीती इथली आहे, त्यामुळे इथे कंजुषी करू नका.

आधी मुलाला विचारा: "पाव आणि अर्धा मिळून किती?" गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात आईबरोबर एकदा जरी गेलेलं असेल, तर ते पटकन 'पाऊण' म्हणेल. मग त्याच मुलाला कागदावर १/४ + १/२ द्या. बऱ्याचदा २/६ येतं. आता चुकलं म्हणू नका. २/६ म्हणजे १/३, हे चित्र काढून दाखवा आणि विचारा: अर्ध्या किलोत आणखी पाव किलो घातल्यावर वजन अर्ध्या किलोपेक्षा कमी झालं का? मूल स्वतःच हसतं. त्याला उत्तर आधीपासून येत होतं, फक्त कागदावरचं गणित आणि पिशवीतलं गणित एकच आहे हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं. छेद समान करण्याची गरज इथून पटते: पावाचे तुकडे आणि अर्ध्याचे तुकडे वेगवेगळ्या मापाचे आहेत, एकत्र मोजायचे तर सगळे पावाचे करून घ्यावे लागतील.

भागाकाराचंही तसंच. '३ ÷ १/२ म्हणजे उलटा करून गुणा' हे सांगायची घाई करू नका. तीन किलो द्राक्षांच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या भरल्या तर किती भरतील? सहा. भागल्यावर संख्या का वाढली, हे आता विचारायचीही गरज राहत नाही. उलटा करण्याचा नियम मुलाला दहा-बारा उदाहरणांनंतर आपोआप दिसू लागतो, आणि दिसला की ते तो दुसऱ्या मुलाला सांगायला धावतं.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी म्हणायला सांगा. ही अपूर्णांकांची पाढ्यांची परंपरा आपण फार सहज सोडून दिली, असं माझं मत आहे. ती पाठ करायला लावा असं म्हणत नाही. पण 'पाच पाऊणे पावणेचार' ऐकून मुलाने ५ × ३/४ वहीत करून पडताळलं, तर अर्ध्या तासाच्या स्वाध्यायापेक्षा जास्त काम होतं.

अपूर्णांक पोळीच्या तुकड्यांपुरतेच ठेवू नका. संख्यारेषेवर ३/४ कुठे, ५/४ कुठे, हे रोज एकदा काढू द्या. ज्यांनी नुसती वर्तुळं रंगवली, त्यांना ५/४ ही संख्या असू शकते हेच पटत नाही.

५. दशांश अपूर्णांकात क्रिकेटची ओव्हर आणली तर चालेल का?

जपून. ४.३ ओव्हर म्हणजे चार ओव्हर आणि तीन चेंडू, एकूण २७ चेंडू. गणितातला ४.३ म्हणजे चार आणि तीन दशांश. ४.५ ओव्हरनंतर एक चेंडू टाकला की ५ ओव्हर होतात, आणि गणितात ४.५ नंतर ४.६ येतो. मुलं हा गोंधळ घेऊनच वर्गात येतात. लपवण्यापेक्षा फळ्यावर मांडा: इथे ठिपक्यानंतर सहाचा गट आहे, तिथे दहाचा. ४.३ ओव्हर खऱ्या दशांशात लिहायच्या तर साडेचार, म्हणजे ४.५. हा तास मुलं विसरत नाहीत.

६. 'मायनस मायनस प्लस' सांगूनही उत्तरं चुकतात.

सांगूनही नाही, सांगितल्यामुळेच. −३ − ४ मध्ये दोन उणे चिन्हं दिसली की मूल +७ लिहितं. तो नियम गुणाकाराचा आहे, आणि घोषवाक्यात ते कुठेच म्हटलेलं नाही.

नाशिकच्या मुलांना संख्यारेषा शिकवायला रामकुंडाजवळची दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की गावभर एकच चौकशी: पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं? कमरेला शून्य धरा. कमरेच्या वर दोन फूट म्हणजे +२, खाली तीन फूट म्हणजे −३. पाणी −३ ला होतं आणि आणखी चार फूट ओसरलं, तर कुठे? −७. इथे कुणालाही +७ सुचत नाही, कारण ओसरलेलं पाणी छातीपर्यंत चढत नाही.

उणे गुणिले उणे अधिक का, हे मात्र पाण्याने नीट समजत नाही. उगाच ओढून ताणून गोष्ट रचू नका. क्रम लिहा: −२ × ३ = −६, −२ × २ = −४, −२ × १ = −२, −२ × ० = ०. प्रत्येक पायरीला उत्तर दोनने वाढतंय. पुढची पायरी −२ × −१. मुलंच सांगतात.

७. पाढे पाठ हवेतच का? मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे की.

हवेत, निदान दहापर्यंतचे. ६ × ८ आठवायलाच मूल अर्धा मिनिट घेत असेल, तर मुख्य उदाहरण काय होतं ते त्याच्या डोक्यातून निघून जातं. तिसाचे पाढे घडाघडा यावेत असा आग्रह मात्र मी धरत नाही. १७ × ६ म्हणजे ६० आणि ४२, हे सुचणारं मूल मला जास्त आवडतं.

८. "मलाही शाळेत गणित जमलं नाही" असं मुलासमोर बोललं तर काय बिघडतं?

मुलाला धीर द्यायला आपण ते बोलतो. मुलाच्या कानावर पडतं ते असं की आपल्या घरात गणित नाहीच, म्हणजे प्रयत्न करायलाही नको. अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या पालकांना स्वतः गणिताची धास्ती होती आणि जे मुलांना गृहपाठात वारंवार मदत करत होते, त्यांची मुलं वर्षभरात कमी शिकली आणि त्यांची धास्तीही वाढली. म्हणून गणित येत नसलेल्या पालकांनी लांब राहावं असं नाही. त्यांनी शिकवू नये, विचारावं. "हे कसं केलंस, मला सांग ना." मूल सांगताना अडखळलं की चूक त्याला स्वतःलाच सापडते, आणि आईला शिकवण्यातला रुबाब काही औरच असतो.

रात्री दहानंतर, दोघंही दमलेले असताना, वही उघडू नका. घरातली गणितावरची रडारड मुख्यतः याच वेळेची असते.

९. आत्मविश्वास वाढवायला कौतुक करतो, तरी फरक पडत नाही.

कौतुक कशाचं करता? 'किती हुशार आहेस' म्हटलं की पुढचं अवघड उदाहरण मुलाला परवडत नाही. ते चुकलं तर हुशारीच गेली. त्यापेक्षा 'उत्तर काढण्याआधी अंदाज घेतलास ते छान केलंस' म्हणा. मुलाला कळतं की नेमकं काय पुन्हा करायचंय. धीर देण्यासाठी मुद्दाम दोन इयत्ता खालची सोपी उदाहरणं देऊ नका, मुलांना ते लगेच समजतं आणि अपमान वाटतो.

वर्गात करण्यासारख्या काही गोष्टी. प्रश्न विचारल्यावर निदान पाच सेकंद थांबा. शिक्षकाला हा काळ फार लांब वाटतो, मुलाला तो पुरतोही कमीच. उत्तर आधी शेजाऱ्याला सांगू द्या, मग वर्गाला. 'कसं केलंस?' हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारा, कारण तो फक्त चुकल्यावरच विचारला गेला तर मुलं तो ऐकताच खोडरबर शोधतात. खोडरबरावरून आठवलं: चुकीची रीत खोडू देऊ नका. तिच्यावर एक आडवी रेघ आणि शेजारी नवी रीत. आठवड्यातून एकदा, नाव न घेता, वर्गातली एखादी 'चांगली चूक' फळ्यावर लिहा आणि ती करणाऱ्याने काय विचार केला असेल ते सगळ्यांना शोधायला लावा.

आणि ज्याला येत नाही त्यालाच शिक्षा म्हणून फळ्याशी उभं करणं, हे अजूनही काही वर्गांत चालतं. ते बंद करा.

१०. मुलींना गणित कमी जमतं का?

नाही. मात्र 'तिला काय, बारावी आर्ट्स करायचंय' हे वाक्य मुलीला सातवीतच ऐकू येतं, भावाला येत नाही.

११. सेमी इंग्रजीमुळे अडचण होते का?

होते, आणि ती बहुधा शाब्दिक उदाहरणांत दिसते. मूल घरी मराठी बोलतं, बाकीचे विषय मराठीत शिकतं, गणित-विज्ञान इंग्रजीत. तोंडी विचारलं की बरोबर सांगतं, पुस्तकातलं वाचून अडतं. अशा वेळी गणित घोटून घेणं चुकीचा उपाय आहे. उदाहरण आधी मराठीत सांगायला लावा: काय दिलंय, काय काढायचंय, चित्र कसं असेल. 'अंश-छेद' आणि 'न्यूमरेटर-डिनॉमिनेटर' दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी महिनाभर राहू द्या. बालभारतीच्या संकेतस्थळावर त्याच इयत्तेचं मराठी माध्यमाचं पुस्तक फुकट मिळतं, ते डाउनलोड करून जोडीला ठेवा.

१२. क्लास लावावा का? आणि अबॅकस?

गंगापूर रोड, कॉलेज रोडवरच्या पाट्या बघून सहावीतच फाउंडेशन बॅच लावणारे पालक आहेत. मूल गणितात रमत असेल तर हरकत नाही. पण ज्याचे अपूर्णांक कच्चे आहेत त्याला साठ मुलांच्या बॅचमध्ये बसवलं, तर शाळेतली भीती त्याला दिवसातून दोनदा अनुभवावी लागते. आठवड्यातून तीन दिवस, चार-पाच मुलं आणि मुलाला बोलू देणारा शिक्षक, एवढं मिळत असेल तरच पैसे खर्च करा. अबॅकसने आकडेमोडीचा वेग येतो. समीकरण मांडायला त्याची मदत होईल ही अपेक्षा ठेवू नका. फोटो काढला की उत्तर देणारी ॲप मात्र उत्तर तपासण्यापुरतीच, तीही स्वतः सोडवून झाल्यावर.

१३. अभ्यासक्रमाबाहेरचं, गोडी लागेल असं काही आहे का?

आहे, आणि ते आपल्या देवळालीचं आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ मध्ये डहाणूला जन्मले आणि १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली नोकरी नाही, संख्यांशी खेळायचा नाद मात्र जबर. १९४९ मध्ये त्यांनी शोधलेली ६१७४ ही संख्या आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येतं. कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचता. उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य लावायला विसरू नका, नाहीतर गाडी घसरते. पाचवीच्या मुलांना तीन अंकी संख्या द्या, ती सगळी ४९५ वर येतात.

हातच्याच्या वजाबाकीचा इतका सराव मूल कुठल्याही वर्कशीटमध्ये आनंदाने करणार नाही. इथे ते स्वतःहून करतं, कारण सात पायऱ्यांत ६१७४ आलं नाही तर कुठेतरी वजाबाकी चुकली हे नक्की, आणि ती चूक शोधायला शिक्षकाची गरज लागत नाही.

१४. घरी सगळं येतं, परीक्षेत विसरतो. हा आळस की काही आजार?

बहुतेक वेळा दोन्ही नाही. भीतीने डोक्यातली जागा अडते आणि येणारी गोष्टही आठवत नाही. पेपर हातात आल्यावर पहिली पाच मिनिटं नुसता वाचून येणाऱ्या उदाहरणांवर खूण करणं, आणि घरी महिन्यातून दोनदा वेळ लावून अर्धा पेपर सोडवणं, याने बराच फरक पडतो.

मात्र सातवीतही मुलाला ७ आणि ९ यांत मोठा कोण हे बोटं मोजून ठरवावं लागत असेल, घड्याळ वाचताना, सुटे पैसे मोजताना रोज गोंधळ होत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. ती शिक्षकाने किंवा शेजाऱ्याने ठरवायची गोष्ट नाही. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात, त्यामुळे दहावीपर्यंत थांबू नका.

१५. मुलगी आठवी संपवतेय आणि पाया कच्चाच आहे. उशीर झाला का?

सुट्टी हातात आहे, पण सगळं घ्यायला जाऊ नका. एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत रोज चाळीस मिनिटं, रविवार सोडून. पहिले दोन आठवडे अपूर्णांक आणि दशांश, तिसरा आठवडा ऋण संख्या, चौथा गुणोत्तर आणि शेकडेवारी, उरलेला वेळ एका चलातील समीकरणं. भूमितीची प्रमेयं नववीत नव्याने मांडली जातात, ती आत्ता सोडली तरी चालतील. सहावी आणि सातवीची पुस्तकं वापरा, नववीचं पुस्तक सुट्टीत उघडू नका. दुसऱ्या प्रश्नातली सहा उदाहरणं पहिल्या दिवशी सोडवून घ्या, कागदावर तारीख घाला आणि तो जपून ठेवा. जूनमध्ये तीच उदाहरणं आकडे बदलून पुन्हा द्या आणि दोन्ही कागद तिच्या हातात द्या.